मोखाड्यात खायला काय मिळतं?

सोमवार सकाळ. ऑफिसच्या कॉफी मशीनसमोर वीकेण्डचा हिशेब चालू. कोण कुठे गेलं, काय हाणलं, बिल किती झालं. एकीने लोअर परळच्या नव्या जागी नाचणीचा पिझ्झा खाल्ला होता, साडेसातशेला. एकाने बांद्र्यात रात्री दीड वाजता रांग लावून रोल खाल्ला होता, आणि रोलपेक्षा त्या रांगेचाच त्याला जास्त अभिमान होता. माझा नंबर आला. म्हटलं, गावाला गेलो होतो.

‘कुठे?’

‘मोखाडा.’

‘मोखाडा? तिथे खायला मिळतं का रे?’

सॉलिड हशा. मीही हसलो. कॉफी घेऊन जागेवर आलो, मशीन ऑन केलं आणि लंचपर्यंत एक व्हाउचर धड एण्टर करता आलं नाही.

त्याचा राग आला नव्हता. तो मुलुंडचा, स्वभावाने चांगला. मोखाडा हे नाव त्याने पेपरात जसं वाचलं तसंच तो बोलला. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं दगावली, पुढारी आले, कॅमेरे आले आणि जव्हार-मोखाडा ही जोडी ‘कुपोषण’ या शब्दाला कायमची चिकटली. 2016 साली पुन्हा तीच बातमी, तेच फोटो. आमच्याकडे मुंबईचा पाहुणा येतो तो एकतर सर्व्हे करायला, नाहीतर ब्लँकेटं वाटायला. जेवायला म्हणून कुणी येत नाही.

माझी आई अंगणवाडीत. वावर-वांगणी गाजलं तेव्हा मी तीनेक वर्षांचा होतो आणि काट्याला टांगलेल्या झोळीत पाय हलवत बसणाऱ्या पोरांमध्ये मीही होतो. आई सांगते, ‘तुला तो झोपाळा वाटायचा, वजन झालं तरी उतरायचा नाहीस.’ तेव्हा हा विषय मला रिपोर्टातून कळलेला नाही. पण त्याच घरात, त्याच चुलीवरचं जे जेवलो, त्याची अंधेरीत बसून नुसती आठवण काढली तरी तोंडाला पाणी सुटतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कशा, ते पुढे येईलच.

तर मंडळी, मुंबईतल्या पन्नास जागा सांगणारे पन्नास जण तुम्हाला भेटतील. मोखाड्याच्या सांगणारा मी बहुधा एकटाच. यातल्या एकाही जागेला स्टार नाहीत. काहींना तर दारसुद्धा नाही.

आधी पोहोचा तर

गाडीवाल्यांसाठी दोन रस्ते. अहमदाबाद हायवेने मनोर, मग विक्रमगड, जव्हार आणि पुढे मोखाडा. नाहीतर नाशिक हायवेने कसारा, आणि तिथून आत विहिगाव, खोडाळा, मोखाडा. नाशिककर असाल तर त्र्यंबकेश्वरवरून तोरंगण घाट उतरून या. घाटात शूमाकर बनू नका. मी स्वतः कसारा लोकलवाला. सीएसएमटीहून अडीच-पावणेतीन तास, मग स्टेशनबाहेरून जीप. जीपमध्ये किती माणसं बसतात हा प्रश्न विचारायचा नसतो. जागा होईपर्यंत बसतात.

विहिगावला एक धबधबा आहे. 2001 च्या ‘अशोका’ सिनेमात दिसला आणि तेव्हापासून त्याचं नावच अशोका धबधबा पडलं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अर्धं ठाणं तिथे भिजत असतं. थांबायचं तर थांबा, माझा आग्रह नाही. माझा आग्रह आहे तो पुढच्या वैतरणेवरच्या उंच पुलाचा. तिथे गाडी बाजूला घ्या, उतरा आणि खाली बघा. ते लांबच लांब निळंहिरवं पाणी म्हणजे मध्य वैतरणा. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मुंबई महापालिकेने बांधलेलं हे धरण, उंची शंभर मीटरच्या वर, 2012 मध्ये बांधून झालं. मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी. म्हणजे ऑफिसच्या कूलरमधून तुम्ही जो ग्लास भरता त्यातला एखादा घोट आमच्याकडचा असतो. आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि बाया दोर-बादल्या घेऊन काठावर उभ्या असतात.

मुलुंडवाल्या मित्राला मी या पुलावर नेऊन उभं केलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘फोटो काढू का?’ म्हटलं, काढ की, पाण्याचे पैसे लागत नाहीत.

हो, त्याला मी घेऊन गेलो. त्या सोमवारनंतर दोन-तीन महिन्यांनी. त्यानेच विषय काढला, ‘चल यार, दाखव तुझं मोखाडा.’ जुलै चालू होता. पाऊस असा की वायपर थकले.

गावात काय खाल

मोखाड्याची बाजारपेठ एका दमात चालून होते. एसटी स्टँडच्या आसपास वडापाव, भजी, मिसळ, चहा. मिसळ नाशिकच्या अंगाने जाणारी, तिखट. पावसात भिजून उतरल्यावर इथली गरम कांदाभजी आणि काचेच्या ग्लासातला चहा यांना तोड नाही. पण एवढ्यासाठी तुम्ही एवढ्या लांब याल असं मी म्हणणार नाही. मेन्यू कार्ड, वायफाय, एसी रूम शोधणार असाल तर जव्हार गाठा. तिथे हॉटेलं आहेत, राहायची सोयही बरी.

खरी मजा आठवडी बाजारात. निघण्याआधी बाजाराचा वार विचारून घ्या आणि सकाळीच पोहोचा. दुपारनंतर गेलात तर नुसता चिखल आणि पालेभाजीचे देठ दिसतील. एका बाजूला सातपाटी-डहाणूकडची सुकी मासळी. बोंबील, सुकट, जवळा. वास नाकात गेला की तोंड फिरवू नका, पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक घरात हा साठा भरला जातो. दुसऱ्या बाजूला मिरची, लसूण, खुरासणी. खुरासणी म्हणजे तुमचे कारळे. भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली तिची चटणी नागलीच्या भाकरीवर घ्या आणि मग मला तुमच्या त्या पेस्टोचं सांगा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलात तर डोंगरउतारावर खुरासणीची पिवळी शेतं दिसतील. सगळे कासला गर्दी करतात तेव्हा इकडे पिवळ्या उतारावर चिटपाखरू नसतं.

आणि मग रस्त्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे लावून बसलेल्या आमच्या बाया. सीझनप्रमाणे वाट्यातला माल बदलतो. जून लागला की शेवळं. ही खाजरी भाजी, काकडं घालून शिजवली नाही तर घसा धरते. दादरला स्टेशनबाहेर जूनमध्ये ज्या टोपल्या दिसतात त्यांचा प्रवास अशाच कुठल्यातरी पाड्यावरून पहाटे सुरू झालेला असतो. पहिल्या पावसानंतर आठवडाभर मिळणारी कोवळी कोळीची भाजी. मग लोत, टाकळा, कुर्डू, कंटोली, बांबूचे कोंब. अळंबी मिळाली तर नशीब समजा. घासाघीस करू नका, प्लीज. त्या वाट्यामागे दोन-तीन तासांची पायपीट असते आणि मॉलमध्ये तुम्ही ब्रोकोलीचा भाव कमी करून मागत नाही.

नागली आणि वरई, ही आमची दोन मुख्य धान्यं. भात आहे, पण खाचरं थोडी, उतार जास्त, आणि उतारावर हीच दोन पिकतात. नागली म्हणजे नाचणी. पूर्वी शाळेत डब्यात काळी भाकरी काढायची लाज वाटायची. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि आमच्या ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये नाचणीचं सूप सुरू झालं. वरईचं तर त्याहून गमतीचं. एकादशीला तुम्ही भगर म्हणून जी खाता ती हीच. तुमचा उपवास, आमचं रोजचं जेवण.

आजीचा प्रश्न

आमच्या घरी बोर्ड नाही, बिल नाही, त्यामुळे पत्ता देत नाही. पण मोखाड्यात एखादा दोस्त असेल तर त्याच्या घरी जेवायचा प्रयत्न जरूर करा. नसेल तर करा. ऑफिसमध्ये, सोसायटीत, कुठेतरी मोखाडा-जव्हारचा माणूस असतोच. तो गावाचं नाव सांगत नसेल, एवढंच. मीही कॉलेजात पहिली दोन वर्षं ‘नाशिकजवळ’ म्हणून सांगायचो.

त्या जुलैच्या शनिवारी आजीने केलं होतं ते असं. आदल्या रात्री काकाने बॅटरी घेऊन ओढ्यातून पकडलेले खेकडे. त्यांचे छोटे पाय पाट्यावर ठेचून, पाण्यात कालवून गाळून घ्यायचे. त्या पाण्याचा रस्सा. मसाला फार नाही. मिरची, लसूण, मीठ आणि हळद, बस्स. सोबत नागलीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी, लोतीची भाजी आणि खुरासणीची चटणी. मित्राने आधी खेकड्याकडे संशयाने पाहिलं. मग बाह्या वर केल्या. तिसऱ्या भाकरीला त्याच्या कपाळावर घाम आणि नाकातून पाणी, पण पठ्ठ्या थांबायला तयार नाही.

आजी समोर बसून त्याचं निरीक्षण करत होती. तिला शहरातल्या माणसांबद्दल भारी कुतूहल. तिने विचारलं, ‘बाळा, तुमच्या मुलुंडात काय पिकतं?’

तो म्हणाला, ‘काही नाही, आजी.’

‘नागली?’

‘नाही.’

‘भात तरी?’

‘नाही.’

आजी विचारात पडली. मग खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाली, ‘मग तुम्ही खाता काय?’

मी मान खाली घालून भाकरी मोडत होतो. आईने पदर तोंडाला लावला. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कॉफी मशीनचा विषय त्यानंतर दोघांनीही कधी काढला नाही.

पण त्या दिवशी रात्री, पागोळ्यांचा आवाज ऐकत पडलो होतो तेव्हा त्याने वेगळा प्रश्न विचारला. ‘एवढं सगळं आहे तर मग पोरं का मरतात रे?’

प्रश्न बरोबर होता. मी आईला हाक मारली, हे तिने सांगावं म्हणून.

आई म्हणाली, ‘तू आलास हा महिना कुठला? जुलै. आत्ता घराघरात गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं असतं. नवं यायला दिवाळी. लावणी आटोपली की गावात मजुरी नाही, हातात पैसा नाही. भाजी भरपूर, पण भाजीबरोबर भाकरी लागते ना? बाई दिवसभर चिखलात, पोर घरी मोठ्या बहिणीकडे. त्यात जुलाब, ताप. ओढ्याला पाणी आलं की दवाखाना लांब. काटा याच दिवसांत खाली जातो.’

म्हणजे रानभाजी महोत्सवात आपण ज्या भाज्या कौतुकाने खातो त्या मुळात उपासमारीच्या दिवसांतल्या आहेत. कडूकंदच घ्या. नावाप्रमाणे कडूजहर, नुसता खाल्ला तर माणूस आजारी पडेल. काप करून राख घालून उकडायचा, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, सकाळी मीठ लावून खायचा. पोटभरीला दुसरं काही असताना एवढी खटपट कोण करेल? माझ्या आजीला कडूकंद आवडत नाही. तिने तो खूप खाल्लाय. मी सांगितलं की करते, पण स्वतः ताटात घेत नाही.

दिवाळीनंतर भात कापून झाला की निम्मा पाडा रिकामा होतो. भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्या आणि बांधकामं. पोरंही बरोबर, म्हणजे अंगणवाडीच्या हजेरीतून बाहेर. 2015 पासून गरोदर आणि बाळंतीण बायांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत रोज एक पूर्ण जेवण मिळतं. आई म्हणते, त्याने फरक पडला. पण जेवण अंगणवाडीत शिजतं आणि बाई भट्टीवर असते. हे सांगताना ती चिडत नाही. रजिस्टरची पानं उलटून दाखवते, कुठली रांग कुठल्या महिन्यात कोरी आहे ते.

मित्र झोपला की जागा होता, मला कळलं नाही. सकाळी त्याने आईला विचारलं, तुमचा काटा बघू? आता डिजिटल आहे, झोळीचा जुना काटा माळ्यावर पडलाय.

फिरायला

मोखाड्याहून खोडाळ्याच्या रस्त्याला देवबांधचा गणपती. नदीकाठचं शांत देऊळ, पावसाळ्यात जा. सूर्यमाळला उंचावर हवा इतकी गार की स्वेटर लागेल, आणि महाबळेश्वरसारखे घोडेवाले मागे लागणार नाहीत. जव्हार तासाभरावर. साडेचारशे मीटर उंचीवरचं छोटं संस्थानी गाव. चौदाव्या शतकापासून 1948 पर्यंत इथे मुकण्यांचं राज्य होतं, महादेव कोळ्यांचं. आदिवासी राजघराणं म्हटलं की शहरातल्या लोकांच्या भुवया वर जातात, ते मला बघायला आवडतं. त्यांचा जय विलास राजवाडा, हनुमान पॉइण्ट, सनसेट पॉइण्ट हे नेहमीचं यशस्वी सर्किट. शिरपामाळही बघा. 1664 मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला होता असं सांगतात.

दाभोसा धबधबा लेंडी नदीवर, तीनशे फुटांच्या घरात. लांबून बघा. डोहात उतरू नका. दर पावसाळ्यात कुणीतरी ‘काही होत नाही यार’ म्हणतं आणि मग आमच्याकडची पोरं दोर घेऊन धावतात.

एक सूचना खास स्टॅग पार्टीवाल्यांसाठी. जीपमधून उतरल्या उतरल्या ‘मोहाची मिळेल का?’ विचारू नका. मिळते की नाही हा मुद्दाच नाही. तुमच्या आधी त्याच जीपमधून उतरलेल्या दहा जणांनी तेच विचारलेलं असतं आणि समोरची म्हातारी ते ऐकून कंटाळलेली असते. मोहाचं खरं कौतुक मार्च-एप्रिलच्या पहाटे. झाडाखाली पिवळट फुलांचा सडा, त्याचा गोड, जड वास आणि टोपल्या घेऊन वाकलेली अख्खी घरं. ती फुलं वाळवून, भाजून, कुटून लाडू करतात. ते मागा, आजी स्वतः उठून आणून देईल.

नाइट लाइफ

हसू नका. मोखाड्याला नाइट लाइफ आहे आणि ती तुमच्या कुठल्याही पबपेक्षा उशिरा बंद होते. वर्षातून एकदाच असते, एवढंच.

होळीनंतर आमच्याकडे बोहाडा लागतो. जगदंबेचा उत्सव, रात्रभर मुखवट्यांची सोंगं. भट्टीवर गेलेली माणसं होळीला काहीही करून परत येतात. हातात चार पैसे असतात, होळीच्या बाजारात नवे कपडे घेतले जातात, जत्रेचे पाळणे लागतात. रात्र चढली की रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटीवाटीने बसतात. पोरंटोरं गोधड्या घेऊन. मग संबळ वाजायला लागतो. आधी गणपती, मग मोरावरची शारदा, आणि मग एकेक करत मारुती, भीम, बकासुर, वेताळ, रावण. मशालीच्या उजेडात कागदाच्या लगद्याचा नाहीतर लाकडाचा तो रंगवलेला मुखवटा हलतो तेव्हा सहा वर्षांचं पोर आईच्या पदरात शिरतं आणि सव्वीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनीअर मोबाइल खाली करतो. पहाटे शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. तोवर कुणी उठत नाही.

बोहाड्याशिवाय तारपा आहेच. वाळलेल्या दुधीचं आणि बांबूचं ते लांब वाद्य, वाजवणारा मधे आणि भोवती हात गुंफून नाचणारी रांग. वारली चित्रांत तुम्ही कुर्त्यावर, कॉफी मगवर ते पाहिलं असेल. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांनी आयुष्यभर तारपा वाजवला. नव्वदी ओलांडल्यावर, 2026 साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी पेढे वाटले. काय निमित्त म्हणून विचारलं, तर ‘आमच्या जव्हारच्या माणसाला मिळाली’ म्हणून सांगितलं. मोखाडा-जव्हार या भानगडीत मी त्या दिवशी पडलो नाही.

बोहाड्यात कोण कुठलं सोंग घेणार हे ठरलेलं असतं, घराण्याकडे चालत आलेलं. आमच्या घराकडे त्राटिका आहे. राक्षसीण! लाल जीभ, मोठे सुळे, भलंमोठं धूड. पणजोबा नाचले, आजोबा नाचले, वडील तीसेक वर्षं नाचले. मुखवटा वर्षभर घरात आडव्या तुळईला बांधलेला असतो. लहानपणी मी त्याच्याखाली अभ्यास करायचो. गणितात कच्चा राहिलो नाही त्याचं श्रेय थोडं तिला द्यायला हवं.

वडिलांचा गुडघा गेला आणि पाळी माझी आली. पण मी अकाउण्ट्सला. आणि होळी येते मार्चमध्ये. मार्च एण्ड म्हणजे काय हे अकाउण्ट्सवाल्यांना समजावून सांगायला नको. तीन वर्षं मी रजेचा अर्ज केला, तिन्ही वर्षं बॉस गोड हसून म्हणाले, ‘एप्रिलमध्ये जा ना, आठवडाभर जा.’ त्यांना कसं सांगणार की देवी एप्रिलपर्यंत थांबत नाही? एकदा धीर करून खरं कारण सांगितलं, सोंग नाचायचं आहे. ते म्हणाले, ‘म्हणजे फॅन्सी ड्रेस?’ तिन्ही वर्षं चुलतभाऊ नाचला. भिवंडीच्या भट्टीवरून येऊन. त्याला रजा कुणाकडे मागावी लागत नाही, रोज बुडतो, बस्स. तिसऱ्या वर्षी फोनवर म्हणाला, ‘तू नाही आलास तरी चालतं रे, पण मुखवटा तुझ्या बापाच्या मापाचा आहे. मला ढिला होतो.’

चौथ्या वर्षी मी अर्जात कारण लिहिलं नाही. मेल टाकला, लॅपटॉप ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कसारा लोकल पकडली. तीन दिवसांची लॉस ऑफ पे. पगारातून किती कापले ते मला पैशासकट पाठ आहे, पण सांगणार नाही. जीपच्या टपावर सामान, आत मी आणि भट्टीवरून परतणारी दोन अख्खी कुटुंबं. एका बाईच्या मांडीवरचं पोर पूर्ण रस्ता माझ्या घड्याळाशी खेळत होतं. उतरताना आईने त्या पोराला ओळखलं. तिच्याच अंगणवाडीचं. होळीच्या गडबडीतही ती त्या बाईला म्हणाली, ‘उद्या सकाळी घेऊन ये, वजन करू.’

त्या रात्री चुलतभावाने माझ्या डोक्याला फडकं गुंडाळलं, त्यावर मुखवटा चढवला, मागून दोर करकचून बांधला. आत अंधार, जुन्या रंगाचा आणि वडिलांच्या घामाचा वास. हनुवटीपाशी लाकूड त्यांच्या इतक्या वर्षांच्या घासण्याने गुळगुळीत झालेलं. वडील काठी टेकत बाजूला उभे होते. म्हणाले, ‘पाऊल संबळ सांगेल तसं टाक. गर्दीकडं बघू नको.’ बघता येणारच नव्हतं. भोकं दोनच, आणि त्यातून पुढची चार हात जमीन तेवढी दिसते.

मुलुंडवाला आला होता. ऑफिसमधले आणखी दोघं त्याच्याबरोबर. नाचणीच्या पिझ्झावाली पण. तिने म्हणे खेकड्याच्या रश्श्याची रेसिपी आजीकडून लिहून घेतली आणि आजीने प्रत्येक ओळीला ‘अंदाजानं’ असंच माप सांगितलं.

पुढच्या होळीला तुम्ही येणार असाल तर गाडी गावाबाहेर लावा, गरम काहीतरी अंगावर घ्या, बसायला चटई आणा. पुढच्या रांगेत जागा हवी तर दहाच्या आत या. फ्लॅश मारू नका. आणि त्राटिका समोर आली की पाय आवरून थोडे मागे सरका. मला दिसत नसतं.